नवरीची साडी : अंगकाठी पाहून

दुकानात खांद्यावर टाकलेली साडी सगळ्यांनाच शोभते. खरी परीक्षा नेसल्यावर. ठेंगण्या नवरीने पैठणीचा काठ अरुंद घ्यावा, म्हणजे उंची जास्त भासते. उंच मुलीला रुंद काठ आणि पदरावरचे मोठे मोर खुलतात. सडपातळ अंगावर कडक, फुलणारं रेशीम भरदार दिसतं. स्थूल बांध्याला मऊ, चापूनचोपून बसणारं बरं. नऊवारीत सुमारे सव्वाआठ मीटर कापड असतं. पोटापाशी निऱ्यांचा बोंगा झाला, की कंबर रुंद दिसते. म्हणून निऱ्या बारीक, चपट्या घालाव्यात. ब्लाउजची बाही दंडाच्या जाड भागावर संपू नये. ती कोपरापर्यंत ठेवावी. लग्नाआधी एकदा साडी नेसून पाटावर मांडी घालून बसून पाहा. अवघडायला झालं, तर नेसण्याची पद्धत बदला.