केसांची गोष्ट : भाग ५ – गळती रोजची आणि गळती काळजीची

गेल्या आठवड्यात आपण कोंड्याची माहिती घेतली. आज त्याहून जास्त झोप उडवणारा विषय : केस गळणं.

वसई-विरारमध्ये केस गळू लागले की पहिला आरोपी ठरलेला असतो, पाणी. मुंबईतली भाड्याची खोली सोडून नालासोपाऱ्याला किंवा विरारला स्वतःचा फ्लॅट घेतलेल्या घरांत तर ‘इकडे आल्यापासून केस फार जातात’ हे हमखास ऐकू येतं. सूर्या धरणाचं पाणी आलं तरी अनेक सोसायट्यांचा टँकर आणि बोअरिंग काही सुटलेलं नाही. त्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. पाण्यावरचा हा आरोप मात्र अर्धाच खरा आहे.

जड पाणी केसाच्या बाहेरच्या भागाला त्रास देतं. केस कोरडा पडतो, गुंततो आणि विंचरताना मधेच तुटतो. केसाचं मूळ त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असतं, तिथवर बादलीतलं पाणी पोहोचत नाही. खात्री करायची तर कंगव्यातली गुंतवळ उजेडात धरा. आखूड, टोकाला काहीही नसलेले केस तुटलेले असतात. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला पांढरा कण असलेला केस मुळातून गळलेला असतो. त्या कणाला घाबरू नका. ते मूळ नव्हे, मूळ डोक्यातच आहे. दुधाचा दात पडावा तसा तो केस आपला काळ संपवून पडला आहे, आणि त्याच जागी नवा उगवणार आहे.

रोज किती केस गळणं स्वाभाविक? पन्नास ते शंभर. या आकड्यामागचं गणित सोपं आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि मग सुमारे तीन महिने तो नुसता टिकून राहून गळतो. कोणत्याही दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा हजार केस या शेवटच्या टप्प्यात असतात. ते शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईच्या हातात त्या दिवशी मधल्या दिवसांचे साठलेले केसही येतात. म्हणून न्हाणीघराच्या जाळीवरचा पुंजका पाहून निकाल देऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम शेवटच्या टप्प्यात ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. जोराचा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशीपोटी केलेलं डाएट, मोठा मानसिक ताण ही त्याची नेहमीची कारणं. गणपतीत डेंगी झाला तर केस दिवाळी-नाताळच्या दरम्यान जातात. तोवर ताप विसरलेला असतो आणि शाम्पू बदलला जातो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविड होऊन गेलेल्या अनेकांचे केस पावसाळ्यात गळले, ते याच हिशेबाने. ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते, टक्कल पाडत नाही.

याच्या अगदी उलट घटना महाराष्ट्राने पाहिली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात, मुख्यतः शेगाव तालुक्यातल्या गावांत, डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत लोकांना टक्कल पडू लागलं. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक तपासाला आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातले गहू तपासले. रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी २०२५ मध्ये मांडला. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. ते जादा झालं की केस आणि नखं दोन्ही जातात. केसांसाठीच्या अनेक गोळ्यांतही ते असतं. तपासणीशिवाय दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग काळजी कधी करायची? केस काही दिवसांतच जात असतील, किंवा घरात-शेजारी अनेकांचे एकाच वेळी जात असतील तर ताबडतोब. रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, म्हणजे चाई, दिसली तर. लहान मुलाच्या डोक्यात खाज, खपल्या आणि तुटके केस दिसले तर. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. टाळूला पू, वेदना किंवा व्रण असेल तर. भांग रुंदावत असेल किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील तर. ही आनुवंशिक विरळता असू शकते आणि तिच्यावर औषध जितकं लवकर तितकं उपयोगी. आणि गळती सहा महिन्यांपुढे गेली किंवा सोबत थकवा, पाळीत बिघाड, वजनात फरक असेल तर. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉईड या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी कराव्यात, महागडं तेल नंतर.

तेव्हा केस मोजत बसू नका. कॅलेंडर काढा, तीन महिने मागे जा, काय झालं होतं ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पुढच्या आठवड्यात : चाई का पडते आणि ती भरून कशी येते.