शाळेला पत्रे मिळाले. मुख्याध्यापकाला जोडीदार कोण देणार?



हंगाम आटोपला, यार्डातली गाड्यांची गर्दी ओसरली, की आम्हा कचेरीतल्या मंडळींना जरा उसंत मिळते. त्या उसंतीत यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा असे करीत श्रीवर्धनच्या बाजूला समुद्रापर्यंत जाऊन आलो. सहल म्हणून नव्हे. आपल्या एका जुन्या सभासदांनी गट ऑफिसात आम्हाला धरले होते. उसाच्या बिलाची चौकशी करायला आले असतील असे वाटले, तर म्हणाले, ''बिलाचं राहू द्या हो. माझ्या थोरल्याचं तेवढं बघा. तिकडं कोकणात हेडमास्तर झाला म्हणून आम्ही पेढे वाटले. आता बी.पी.ची गोळी सुरू झालीया. रात्रीचा झोपत नाही म्हणतो. बदली करून इकडं आणायचं काही जमतंय का?''

बदली करणे हे काही कारखान्याचे काम नव्हे, ती ऑनलाइन होते, हे आम्ही त्यांना सांगितले. पण त्या शाळेशी आपल्या गटाचा जुना धागा होता, म्हणून जाऊन यावेसे वाटले.

हा धागा सांगायला हवा. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत झोपल्या. आपला ऊस वाऱ्याने लोळला तर वजनात मार बसतो, पण खोडवा धरता येतो. पोफळ मुळासकट गेली की नव्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षे थांबावे लागते. म्हणजे त्या वर्षी पहिलीत गेलेले पोर सातवी ओलांडेपर्यंत बापाच्या हातात बागेचे पैसे नाहीत. अशा गावातली शाळा लोकवर्गणी कोणाकडे मागणार? त्या वेळी आपल्या गटातील सभासदांनी या शाळेच्या पत्र्यासाठी वर्गणी गोळा करून पाठविली होती. मास्तर आपल्यापैकीच एकाचा मुलगा, एवढीच ओळख.

पत्रे बसले. आम्ही डोळ्यांनी पाहिले. निळे, चांगले जाड, हुकाने पक्के आवळलेले. आणि त्या पत्र्याखाली एकच माणूस पाच वर्ग सांभाळीत होता.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट सत्तेचाळीस. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दुसरे गुरुजी मराठवाड्यातले. आंतरजिल्हा बदलीने दोन वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात गेले. त्यांची जागा अजून भरलेली नाही. त्यांनाही आम्ही दोष देत नाही. म्हातारे आईबाप सोडून किती वर्षे काढायची? कोकणातल्या शाळांत घाटावरची आणि मराठवाड्यातली मुले मोठ्या संख्येने लागली, आणि प्रत्येकाची नजर परतीच्या वाटेकडे. ज्याची बदली होते त्याच्या घरी सण, आणि मागे राहिलेल्याच्या डोक्यावर दुप्पट ओझे.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. वडिलांनी पेढे वाटले खरे, पण आपला मुलगा कागदोपत्री मुख्याध्यापक नाहीच. पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे वेगळे पद, असे कायदा म्हणतो. त्याच्या आतल्या शाळेत जो ज्येष्ठ शिक्षक त्याच्याकडे 'चार्ज'. सही मुख्याध्यापकाची, जबाबदारी मुख्याध्यापकाची, पगार शिक्षकाचा. वर वर्गही शिकवायचे. आम्ही त्यांना म्हटले, ''म्हणजे आमच्या स्लिप बॉयला शेतकी अधिकाऱ्याचं काम दिल्यासारखं झालं.'' ते हसले. म्हणाले, ''स्लिप बॉयला निदान रविवारी सुट्टी असेल.'' हंगामात त्यालाही नसते, हे आम्ही मनातच ठेवले.

दिवसभर आम्ही मागच्या बाकावर बसून होतो. सकाळी तांदूळ मोजून स्वयंपाकीणबाईंना दिला. पोषण आहारात पाचवीपर्यंत मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, तो रोजच्या हजेरीप्रमाणे वहीत उतरवायचा आणि मोबाईलवरही भरायचा. भाजीपाला आणि गॅसचे पैसे सरकारकडून मागाहून येतात, तोवर ते आपल्या खिशातून घालतात. पहिली-दुसरीला गिरवायला दिले, तिसरी-चौथीला गणिते, आणि पाचवीला घेऊन बसतात तोच फोन. एक माहिती तातडीने हवी. ती भरतात तो दुसरा फोन. तीच माहिती, वेगळ्या नमुन्यात. दुपारी एक बाई दाखल्यासाठी आल्या, जातीच्या प्रमाणपत्राला आजोबांची शाळेतली नोंद लागत होती. त्यासाठी मास्तरांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले.

त्या रजिस्टरची पाने फुगलेली, कडा तपकिरी. वादळात छप्पर गेले तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या, मास्तर भाड्याच्या खोलीत अडकलेले. वारा उतरताच ते पडलेली झाडे ओलांडत शाळेत आले आणि पहिले काम म्हणजे हे रजिस्टर बाहेर काढले. गावातल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा त्यात. लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. चुलीच्या उबेला धरून एकेक पान वाळवत त्यांनी कित्येक रात्री घालविल्या. ''इमारत पुन्हा होते,'' ते म्हणाले, ''हे गेलं असतं तर लोकांनी मलाच विचारलं असतं.'' याची नोंद कुठल्याही नमुन्यात नाही, कारण नमुन्यात असा रकानाच नाही.

आता पैशाचे बघू. सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. एकतीस ते शंभर पटाला वर्षाकाठी २५,००० रुपये, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. खडू, कागद, दुरुस्ती, वीजबिल, सगळे यात. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली. हिशेब तुम्हीच करा. एका शाळेचा वर्षाचा खर्च म्हणजे आपला सात टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. एकराला चाळीस टन काढणारा सभासद गुंठ्यांच्या हिशेबात ही शाळा चालवील! तरी पैशाची तक्रार त्यांनी फारशी केली नाही. ''पैसे मागता येतात,'' म्हणाले, ''माणूस कुणाकडं मागू?''

याच शाळेत एका कातकरी वाडीची अकरा मुले आहेत. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते, तेव्हा ही मुले हजर असतात. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले जाताना मुख्याध्यापकाने त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यायचे, आणि जिथे ती जातील तिथल्या मुख्याध्यापकाने ते पाहून दाखल करून घ्यायचे, अशी सोय आहे. हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण आपल्याच तळावर दरसाल ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. कोप्यांतून किती पोरे असतात हे आपल्याला ठाऊक आहे. साखरशाळांची नावे आपण घेतो. पण टोळीची उचल, कोयते, बैलजोड्या यांचा हिशेब करणाऱ्या आपल्या मुकादमांपैकी कोणी पोराच्या दप्तरातले पत्रक कधी मागितले आहे काय? इथली मुले हुडकायला इथला मुख्याध्यापक एकटाच फटफटीवर फिरतो.

तेव्हा हे दुखणे कोकणापुरते समजू नका. आपल्या गावच्या अनुदानित हायस्कुलाकडे पाहा. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अशा शाळांतील शिपायांची पदे निवृत्तीनंतर पगारी भरायची नाहीत, त्याऐवजी ग्रामीण भागात दरमहा ५,००० रुपये भत्ता, असे ठरले. जुना शिपाई निवृत्त झाला की घंटा कोण देते, मुतारी कोण धुवून घेते, बँकेत कोण जाते, हे एकदा सकाळी साडेदहाला जाऊन बघावे. आणि सेवेतल्या शिक्षकांनाही आता परीक्षेचा अभ्यास. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याआधी लागलेल्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. निकालाच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. आपल्या मास्तरांच्या टेबलावर तांदळाच्या वहीखाली ते परीक्षेचे पुस्तक होते, एवढे सांगतो.

इथे आमच्याच लोकांशी थोडे भांडायचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ही गोष्ट आपण प्रत्येक गॅदरिंगला सांगतो, टाळ्या पडतात. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांनी कारखाना उभा केला. तेव्हापासून टनामागे दोन पैसे बाजूला काढून शाळा बांधण्याची रीत आपल्याकडे पडली, तिचा आम्हाला अभिमान आहे. पण आपण बांधतो ती इमारत, आणि तिच्यावर पाटी. आत बसणाऱ्याने मात्र त्याग करायचा, ही आपली समजूत. त्याग ही काही दरसाल धरायच्या खोडव्यासारखी गोष्ट नाही. तिसऱ्या-चौथ्या खोडव्याला कशी फूट येते ते आपण जाणतोच, आणि तरी खत घालतोच ना?

मास्तरांच्या प्रकृतीचा विषय आम्ही संध्याकाळी काढला. बायको-मुले इकडे गावी, हे तिकडे एकटे, रात्री दहापर्यंत माहिती भरणे, मग झोप नाही. डॉक्टरांनी गोळी दिली आणि ''टेन्शन घेऊ नका'' म्हणून सांगितले. हे दुखणे एकट्या रायगडचे नाही. ऑस्ट्रेलियात २०११ पासून मुख्याध्यापकांच्या प्रकृतीची दरसाल पाहणी होते, आणि तिथलेही मुख्याध्यापक हीच दोन कारणे वर्षानुवर्षे सर्वांत वर लिहितात: कामाचा ढीग, आणि शिकविण्याकडे लक्ष द्यायला वेळ नाही. तिथे शाळेत कारकून असूनही! मन फारच बेचैन झाले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, २०२२ पासून, फुकट, मराठीतही बोलतात. आम्ही तो त्यांना लिहून दिला. त्यांनी कागद खिशात ठेवला, पण जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका चार्जवाल्या मास्तरांशी रोज रात्री दहा मिनिटे फोनवर बोलतो, त्याने बरे वाटते, असे म्हणाले. दोघेही एकमेकांना त्याच त्या रकान्यांची उत्तरे विचारतात!

यावरूनच आम्हाला एक सुचले, ते संचालक मंडळापुढे ठेवले आहे. आपल्या गट ऑफिसांत संगणकावर ऊसनोंद करणारी मुले आहेत. जून ते सप्टेंबर त्यांना काम बेताचे. नेमके तेच दिवस शाळेत प्रवेश, आधारच्या जुळण्या, पटाची माहिती यांचे. गटातल्या शाळांना आठवड्यातून दोन दिवस हा माणूस द्यावा. पगार आपण देतोच आहोत. वार्षिक सभेला येणारे कित्येक सभासद गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवरही आहेत. कायद्याने तिथे पाऊण जागा पालकांच्या, निम्म्या महिलांच्या. समितीची सभा म्हणजे सही आणि चहा असे न करता, स्वयंपाकाचा तांदूळ मोजून घेणे, बँकेत जाणे, गळके छप्पर पाहणे ही कामे सभासदांनी वाटून घ्यावीत. कारखान्याचे डॉक्टर तोडणी मजुरांना तपासायला तळावर जातात, त्यांनी वर्षातून दोनदा मुख्याध्यापकांचा रक्तदाब पाहावा. एका संचालकांनी विचारले, ''याची पाटी कुठं लावायची?'' आम्ही म्हटले, लावू नये.

बदलीचे विचारले तेव्हा मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. फॉर्म भरून ठेवला आहे, पाठविलेला नाही. ''मी निघालो तर इथं शून्य शिक्षक. दुसरा रुजू होऊ दे, मग बघतो.'' वडिलांना आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, ''तसाच आहे तो. लहानपणीही पाण्याची पाळी संपल्याशिवाय रानातनं घरी येत नव्हता.''

निघताना मास्तरांनी एक पाकीट हाती दिले. वादळाच्या वेळी आपण पाठविलेल्या वर्गणीतून पत्रे, हूक, वाहतूक जाऊन ८४० रुपये उरले होते. सोबत दुकानाची बिले टाचून लावलेली. इतकी वर्षे जपून ठेवली होती, कोणी यायची वाट पाहत. रक्कम गट ऑफिसात जमा केली आहे. बिले ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी कचेरीच्या वेळेत यावे.