शिदोरीत काय बांधायचे?

साताऱ्याहून सांगलीला निघालेला माणूस बरोबर हळद बांधून घेत नाही. ती तिथे हवी तेवढी मिळते. कासच्या पठारावर जाणारा मात्र पाणीसुद्धा घेऊन निघतो. मुक्त सॉफ्टवेअरचा विंडोजसाठी संच बांधणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो.

पायथन ही संगणकभाषा घ्या. तिला लागणारे इतरांनी लिहिलेले भाग लिनक्सवर सामाईक भांडारातून मिळतात. विंडोजवर ते असतीलच असे धरून चालत नाही. म्हणून पडद्यावर खिडक्या व चित्रे काढणारे टीके आणि संदेश सांकेतिक करणारे ओपनएसएसएल विंडोजच्या संचातच बांधलेले असतात.

मग सगळेच का बांधू नये? भार वाढतो हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट जबाबदारीची. 2014 साली ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला. सदोष प्रत ज्यांनी ज्यांनी बांधून दिली होती, त्यांना ती बदलून द्यावी लागली! गणितासाठी उपयोगी असलेले नमपाय संचाबाहेर आहे. ते आणायला 2014 च्या 3.4 आवृत्तीपासून ‘पिप’ नावाचा हरकाम्या दिला जातो.

पण शाळेत इंटरनेटच नसेल तर? 2023 च्या पायथन 3.12 चा पूर्ण संच सुमारे 25 मेगाबाइटचा होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवण्याचा ‘एम्बेडेबल’ संच त्याच्या निम्म्याहून लहान. त्यात टीके नाही, पिपही नाही. लहान म्हणून तोच पेनड्राइव्हवर नेला, तर टर्टलच्या कासवाकडून साधा चौकोनही काढून घेता येणार नाही. ते टीकेवाचून चालत नाही. पूर्ण संचच न्यावा. नमपायची फाईल दुसरीकडे पिपकडून उतरवून घेता येते. मात्र ती शाळेतल्या पायथनच्या आवृत्तीचीच हवी.