तीन वर्षांच्या मुलाला औषध. पण पाहणार कोण?

क्लोरप्रोमॅझिन हे मानसोपचारातलं सर्वांत जुनं अँटिसायकॉटिक औषध. टोकाच्या आक्रमक वागण्यासाठी ते वयाच्या पहिल्या वर्षापासून देता येतं, असं अमेरिकेतलं त्याचं माहितीपत्रक सांगतं. हॅलोपेरिडॉल तिसऱ्या वर्षापासून चालतं. अतिचंचल मुलांना दिलं जाणारं डेक्स्ट्रोॲम्फेटॅमिनही तिसऱ्यापासूनच. पण ज्यांच्यावर लहान मुलांमध्ये खरोखर कसून चाचण्या झाल्या, ती औषधं मात्र थांबायला सांगतात. मिथाइलफेनिडेटसाठी किमान वय सहा, स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी वापरल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसाठी पाच, अरिपिप्रॅझोलसाठी सहा. कमी तपासलेली औषधं अधिक कोवळ्या मुलांना चालतात, असा हा उफराटा प्रकार आहे.

याचं उत्तर मुलांच्या मेंदूत सापडत नाही, कायद्याच्या इतिहासात सापडतं. औषध खरंच गुणकारी आहे हे कंपनीने चाचण्यांनी सिद्ध करावं, अशी सक्ती अमेरिकेत १९६२ साली आली, तीही थॅलिडोमाइडच्या भयंकर प्रकरणानंतर. त्याआधी बाजारात आलेल्या औषधांच्या पत्रकांवर जी वयं छापली गेली, ती बव्हंशी तशीच पुढे चालत राहिली. डेक्स्ट्रोॲम्फेटॅमिनचं तीन वर्षांचं वय हे पुराव्यामुळे नसून त्या काळच्या सैल निकषांमुळे आहे, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. लहानग्यांच्या मानसोपचाराविषयी बोलताना हे आधी लक्षात घ्यायला हवं: पत्रकावरचं वय बऱ्याचदा मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

इथे प्रश्न दुकानात खेळण्यासाठी लोळण घेणाऱ्या मुलाचा नाही. हा प्रश्न आहे भिंतीवर कपाळ फुटेपर्यंत डोकं आपटणाऱ्या मुलीचा. स्वतःचा हात चावून चावून घट्टे पाडणाऱ्या, रात्रीतून जेमतेम दोन-तीन तास झोपणाऱ्या, एकही शब्द न बोलणाऱ्या आणि धाकट्या भावंडावर धावून जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा. अशा घरात आई महिनोन्‌महिने सलग झोपलेली नसते. बालवाडीने हात वर केलेले असतात, नातेवाइकांनी ‘लाडावलाय’ म्हणून निकाल दिलेला असतो. डॉक्टरांकडे औषध मागणाऱ्या अशा पालकांना आळशी म्हणणं हा क्रूरपणा आहे.

मुलांच्या वागण्यासाठी औषध वापरण्याची कथा सुरू होते ती एका मुलीच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयात. ऱ्होड आयलंडमधल्या जॉर्ज ब्रॅडली या श्रीमंत उद्योजकाच्या मुलीला, एमाला, सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. अशा मुलांसाठी देशात कुठेच जागा नाही हे पाहून आईवडिलांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती त्यासाठी ठेवली आणि १९३१ साली ईस्ट प्रॉव्हिडन्स इथे एमा पेंडल्टन ब्रॅडली होम सुरू झालं. त्याच कुटुंबातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली पुढे तिथले प्रमुख झाले.

मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरत. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. मेंदूभोवतीचा द्रव लवकर तयार व्हावा या आशेने ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे ॲम्फेटॅमिन देऊन पाहिलं. डोकेदुखी काही थांबली नाही, पण शिक्षक धावत आले. कालपर्यंत पाच मिनिटं एका जागी न बसणारी मुलं गणितं सोडवत होती! मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असं नाव ठेवलं. १९३७ साली ब्रॅडलींनी ३० मुलांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या १४ जणांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली होती.

हा किस्सा आकस्मिक शोधाचं उदाहरण म्हणून अनेक पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो. त्यातली महत्त्वाची बाजू मात्र राहून जाते. ब्रॅडली होममध्ये परिचारिका आणि शिक्षक मुलांजवळ अष्टौप्रहर असत. औषध देण्याआधी मूल कसं होतं, औषध चालू असताना कसं झालं आणि बंद केल्यावर काय झालं, याच्या रोज नोंदी होत. शोध लागला तो गोळीमुळे जितका, तितकाच या पाहणाऱ्या माणसांमुळे. आणि खुद्द ब्रॅडलींनी त्याच लेखात बजावून ठेवलं होतं की सरसकट औषध दिलं, तर त्रासाच्या मूळ कारणाकडे बोट दाखवणारी लक्षणंच झाकली जातील. पंचवीसेक वर्षं हा लेख दुर्लक्षित राहिला. नंतर औषध जगभर गेलं, इशारा मात्र मागेच राहिला.

फेब्रुवारी २००० मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या ज्युली झिटो यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अमेरिका हादरली. दोन लाखांहून अधिक बालकांच्या विम्याच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की १९९१ ते १९९५ या काळात दोन ते चार वर्षांच्या मुलांना उत्तेजक औषधं देण्याचं प्रमाण दुप्पट-तिप्पट झालं होतं. पुढच्याच महिन्यात हिलरी क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये बैठक बोलावली. तरी ओघ थांबला नाही. मुलांमधल्या बायपोलर आजाराची एक लाटच आली. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात १९ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये या निदानासाठी झालेल्या डॉक्टरभेटी सुमारे चाळीस पटींनी वाढल्या. एवढ्या वर्षांत मुलांचे मेंदू चाळीस पटींनी बिघडत नाहीत. निदानाची व्याख्या सैल झाली, एवढाच त्याचा अर्थ. ही व्याख्या रुंदावण्यात हार्वर्डचे जोसेफ बिडरमन आघाडीवर होते. २००० ते २००७ दरम्यान त्यांना औषधकंपन्यांकडून सुमारे १६ लाख डॉलर मिळाले आणि त्यातली बरीच रक्कम विद्यापीठाला कळवलेली नव्हती, असं सेनेटर चार्ल्स ग्रास्ली यांच्या चौकशीत २००८ साली पुढे आलं. रिस्पेरिडोन बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये सरकारशी २२० कोटी डॉलरहून मोठी तडजोड केली. मंजुरी नसलेल्या वापरासाठी, त्यात मुलांसाठीही, या औषधाचा प्रचार केल्याचा मुद्दा त्या प्रकरणात होता.

या गदारोळात कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ऑल्फसन यांनी २०१० साली दिलेले आकडे फारसे गाजले नाहीत, पण सर्वांत बोलके तेच आहेत. खाजगी विमा असलेल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांत अँटिसायकॉटिक घेणाऱ्यांचं प्रमाण काही वर्षांत हजारी ०.७८ वरून १.५९ वर गेलं होतं. यातल्या निम्म्याहून कमी मुलांची त्या वर्षात मानसिक आरोग्याची रीतसर तपासणी झाली होती. निम्म्याहून कमी मुलं मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचली होती. औषध पोचलं होतं, पाहणारी माणसं पोचली नव्हती.

म्हणजे औषध वाईट, असा निष्कर्ष काढायचा का? अजिबात नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १०१ स्वमग्न मुलं होती, वय ५ ते १७. आठ आठवड्यांनी रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांची आक्रमकता आणि स्वतःला इजा करणं लक्षणीय कमी झालं. प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. मानसोपचारात एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो. त्याची किंमत होती वजन: आठ आठवड्यांत सरासरी २.७ किलो.

आपल्याकडचा एक अभ्यास याहून धीट होता, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. चंडीगडच्या पीजीआयमधल्या प्रतिभा सिंघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते नऊ वर्षांच्या ४० स्वमग्न मुलांवर सहा महिन्यांची चाचणी केली आणि २००६ साली ती प्रसिद्ध झाली. रिस्पेरिडोन घेणाऱ्या १९ पैकी १२ मुलांमध्ये स्वमग्नतेच्या मोजपट्टीवर सुधारणा दिसली, प्लॅसिबोच्या २० पैकी एकातही नाही. मात्र १९ पैकी तीन मुलांत काही काळ अनैच्छिक हालचाली दिसल्या. त्याच वर्षी सेंट लुइसच्या जोन लुबी यांनी अडीच ते सहा वर्षांच्या २४ मुलांवर केलेल्या चाचणीत औषधाचा फायदा अगदी माफक निघाला. दोन छोटे अभ्यास आणि दोन वेगवेगळी चित्रं. रिस्पेरिडोनचं अमेरिकी माहितीपत्रक तर सांगतं की १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी मात्रेची माहितीच उपलब्ध नाही. तीन वर्षांच्या मुलाचं सरासरी वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १४.३ किलो आहे.

या वयात मेंदूत काय चाललेलं असतं, हे कळण्याचं मोठं श्रेय जातं पीटर हुटेनलोखर यांना. शिकागोचे हे बालमज्जाविकारतज्ज्ञ सामान्य वाचकाला जवळपास अपरिचित आहेत. त्यांनी नवजात बाळापासून नव्वदीतल्या व्यक्तीपर्यंत २१ मृत माणसांच्या मेंदूंचे पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि कपाळामागच्या भागातले सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, मोजले. केवढं चिवट काम! १९७९ च्या त्यांच्या लेखातला निष्कर्ष अनपेक्षित होता: या जोडांची घनता वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक, प्रौढांपेक्षा सुमारे दीडपट. त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत ती घटत जाते.

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. बाजरी पेरताना दाट पेरतात, रोपं वितीएवढी झाली की विरळणी करतात. ठेवलेल्या रोपांना ऊन, पाणी आणि जागा मिळते. मेंदूतही असंच घडतं, फक्त तिथे कोणतं रोप ठेवायचं हे शेतकरी ठरवत नाही, वापर ठरवतो. आईच्या चेहऱ्याकडे पाहणं, आवाजाला प्रतिसाद देणं, हातातली वस्तू दाखवणं, यांतून जे जोड पुन्हा पुन्हा वापरले जातात ते टिकतात, बाकीचे गळतात. अँटिसायकॉटिक औषधं डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे संदेश अडवतात, उत्तेजकं ते वाढवतात. आणि कोणते जोड पक्के व्हावेत यात डोपामिनचाही हात असतो. विरळणीच्या ऐन हंगामात महिनोन्‌महिने औषध दिलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेणारा मोठा अभ्यास झालेला नाही. भीती घालण्यासाठी हे सांगायचं नाही, पण औषध लिहिताना हात थोडा थांबावा एवढं कारण त्यात नक्की आहे.

व्हाइट हाउसच्या बैठकीच्या सुमारास जाहीर झालेला एक मोठा अभ्यास लॉरेन्स ग्रीनहिल यांच्या नेतृत्वाखाली पार पडला. तीव्र अतिचंचलता असलेली तीन ते साडेपाच वर्षांची ३०३ मुलं त्यासाठी निवडली गेली. या अभ्यासाची शिस्त पाहण्यासारखी आहे: आधी दहा आठवडे पालकांचं प्रशिक्षण आणि त्यानंतरही गरज उरली तरच मिथाइलफेनिडेट, तेही अगदी अल्प मात्रेपासून. मात्रा ठरवण्याच्या टप्प्यापर्यंत १६५ मुलंच पोचली. औषधाचा उपयोग झाला, पण शाळकरी मुलांपेक्षा कमी, आणि रडवेलेपणा, चिडचिड, झोप उडणं हे त्रास जास्त. ११ टक्के मुलांना त्यामुळे औषध सोडावं लागलं. वर्षभर औषध घेणाऱ्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के कमी वाढली. सहा वर्षांनी पाहिलं, तर जवळपास नव्वद टक्के मुलांची लक्षणं अजून निदानाच्या पातळीवरच होती.

पालकांचं प्रशिक्षण म्हणजे उपदेश नव्हे. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात घडवलेल्या पद्धतीत आई मुलाशी खेळते, थेरपिस्ट एकतर्फी आरशामागे बसतात आणि आईच्या कानातल्या छोट्या इअरफोनवर सांगत राहतात: आता त्याने ठोकळा दिला, त्याचं कौतुक करा, आता ओरडतोय, नजर वळवा, शांत झाला, लगेच जवळ घ्या. आई तत्क्षणी शिकते. हे शिकणाऱ्या घरांत आदळआपट आणि उद्धटपणा खरोखर कमी होतो, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. तरीही अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की अतिचंचलतेचे उपचार घेणाऱ्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना औषध मिळतं, मानसशास्त्रीय सेवा मात्र जवळपास निम्म्यांनाच. औषध दुकानात मिळतं. आरशामागे बसणारं माणूस शोधावं लागतं.

असं माणूस मोठं तज्ज्ञच असावं लागतं असं नाही, हे गोव्यात दिसून आलं आहे. ‘संगत’ या संस्थेच्या गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर चाचणी केली. २०१६ मध्ये ती ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आली. तज्ज्ञ नसलेले पण नीट प्रशिक्षण मिळालेले आरोग्यकर्मी आई आणि मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करत आणि मग ते तिच्यासोबत बसून पाहत. मुलाने कुठे नजर वळवली, तिने कुठे घाई केली, कुठे ती थांबली आणि मुलानेच पुढाकार घेतला. आई मुलाच्या कलाने घेऊ लागली आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला, हेही संशोधकांनी लपवलं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासली जातात आणि विकासातल्या अडचणींसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी ही केंद्रं आहेत. औषध लिहून घेण्याआधी पालकांनी तिथे किंवा बालविकासतज्ज्ञांकडे काही गोष्टी आग्रहाने तपासून घ्याव्यात. मुलाला ऐकू येतं का? झोपेत घोरतं का? झटके येतात का? दात किंवा कान दुखतो का, पोट साफ होत नाही का? बोलता न येणारं मूल वेदना सांगायला दुसरं काय करेल? ते चावतं, आपटतं.

तुलेन विद्यापीठाच्या मेरी मार्गारेट ग्लिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत एक टप्पा असा आहे, जो दवाखान्यात सर्वांत जास्त विसरला जातो. औषध लागू पडलं, तर काही महिन्यांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून पाहायचं. यामागे ठोस कारण आहे. रिस्पेरिडोनने सुधारलेल्या ३२ मुलांपैकी अर्ध्यांचं औषध २००५ च्या एका अभ्यासात हळूहळू काढून प्लॅसिबो दिलं गेलं. त्या १६ पैकी १० मुलं पुन्हा बिघडली, सहा मुलं औषधाशिवाय ठीक राहिली. औषध चालू ठेवलेल्या १६ पैकी दोघांचीच तब्येत बिघडली. त्या दहांना औषधाची गरज होती, सहांना ती तेव्हा उरली नव्हती. कोण कुठल्या गटात, हे आधी सांगणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. ते कळतं रोजच्या नोंदींमधून: किती वेळा चावलं, किती तास झोपलं, कुठल्या प्रसंगी भडकलं. आई, आजी, अंगणवाडीताई, ज्या कोणी मुलासोबत दिवसभर असतात त्यांच्या हातात ती वही डॉक्टरांनी पहिल्या चिठ्ठीसोबतच द्यायला हवी, आणि पुढच्या भेटीत मुलाचं वजन करण्याआधी ती उघडून वाचायला हवी.