पॉलिअमाइन्स आणि मेदोवृद्धी : कॅप्सूल देण्यापूर्वी

स्थौल्याचे काही रुग्ण अलीकडे ‘स्पर्मिडीन’चे नाव घेऊनच चिकित्सालयात येतात. गव्हाच्या दाण्यातील अंकुरभागाच्या अर्काची कॅप्सूल मेद झडविते, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. त्यांना उत्तर देण्यापूर्वी या द्रव्याचे कार्य वैद्यांनी समजून घेणे इष्ट ठरेल.

प्युट्रेसीन, स्पर्मिडीन व स्पर्मीन ही पॉलिअमाइन्स आपल्या प्रत्येक पेशीत असतात. ऑर्निथिन या अमिनो आम्लापासून प्युट्रेसीन व त्यापासून पुढील दोन तयार होतात. त्यांच्या विघटनास आरंभ करणारे एसएसएटी हे विकर त्या कामी अ‍ॅसिटिल-कोए खर्च करते. आणि मेद तयार होतो तोही अ‍ॅसिटिल-कोएपासूनच! निर्मिती व विघटन यांचे चक्र वेगाने फिरू लागले की ऊर्जेचा व्यय वाढतो. हे विकर अधिक असलेले उंदीर कृश राहतात. २०१४ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एनएनएमटी हे दुसरे विकर घटविताच मेदपेशींतील हे चक्र गतिमान झाले व अतिस्निग्ध आहारावरही उंदरांची वजनवाढ मर्यादित राहिली.

मेद खर्ची पडतो तो चक्राच्या गतीमुळे, हा भेद ध्यानी घ्यावा. स्पर्मिडीन खाऊ घातलेल्या उंदरांतही वजनवाढ रोखली गेली आहे, हे खरे. परंतु त्यावरून मनुष्यातील स्थौल्याची चिकित्सा ठरविता येत नाही. बर्लिनमधील १०० ज्येष्ठांच्या चाचणीत रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन बारा महिने देऊनही स्मृतीस लाभ आढळला नाही (२०२२). विषय स्मृतीचा होता, तरी मात्रा पाहावी : नेहमीच्या जेवणातून याहून कितीतरी अधिक स्पर्मिडीन मिळते.

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात स्थूलास गुरु व अपतर्पण आहार सांगून यव, मुद्ग, कुलत्थ यांची योजना केली. कडधान्यांत स्पर्मिडीन असते. म्हणून आचार्यांना ते ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह टाळावा. उलट बृंहण अशा गोधूमाचाच अर्क स्थूलास द्यावा, हे जरा गमतीचेच!

गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्यांना ही कॅप्सूल देऊ नये. कर्करोगाच्या रुग्णांबाबत विशेष सावध राहावे. अर्बुदाच्या पेशींना वाढीसाठी पॉलिअमाइन्स लागतात, आणि त्यांची निर्मिती रोखणाऱ्या इफ्लॉर्निथिनला अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूरोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली. औषधालयाच्या मालकांनी आणखी एक पाहावे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. ‘मेद घटविते’ असा फलक दुकानात लावणे हीही त्या कायद्यान्वये जाहिरातच ठरते.