आकार न विसरणारी तार

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या जिरायत पट्ट्यात, जेथे नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोचत नाही, तेथे उन्हाळ्यात रस्त्याने एखादी गाडी गेली की मागे धुळीचा लोट उठतो. ही धूळ सौर पंपाच्या पॅनेलवर बसली की वीज कमी मिळते. शेतकरी ओल्या फडक्याने पॅनेल पुसतो आणि काम भागते. पण मंगळावर उतरलेल्या यानाचे पॅनेल कोण पुसणार?

मंगळावर धूळ भरपूर. ती दररोज किती बसते, हे कळल्याशिवाय तेथे यान किती दिवस टिकेल याचा हिशेब करता येत नाही. हे मोजण्याचे काम 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर यानाबरोबर मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या सहाचाकी गाडीकडे होते. युक्ती सोपी होती. एका लहानशा सौर घटावर काचेचे झाकण ठेवायचे. धूळ बसेल ती काचेवर. झाकण असताना घटातून किती वीजप्रवाह मिळतो ते पाहायचे, मग झाकण बाजूला सारून पुन्हा मोजायचे. दोन मापांतील फरकावरून धुळीने किती प्रकाश अडवला ते कळते.

पण झाकण सारायचे कसे? मोटार बसवावी तर दंतचक्रे आली, वंगण आले आणि वजनही आले. सोजर्नरचे सगळे वजन अवघे साडेदहा किलोग्रॅम. तिच्या पॅनेलची वीज भर दुपारीही सुमारे 16 वॉट. शिवाय रात्री तेथील तापमान शून्याखाली 70 अंश सेल्सिअसपेक्षाही खाली जाते. अशा थंडीत साधे वंगण घट्ट होऊन बसते. म्हणून मोटारीऐवजी एक बारीक तार वापरली गेली. ती होती निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची. तिचे नाव निटिनॉल.

या तारेचे वैशिष्ट्य समजण्यासाठी बैलगाडीचे चाक आठवा. लोहार चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवतो. तापल्यावर ती प्रसरण पावते, चाकावर बसते आणि निवल्यावर घट्ट आवळते. तापमान 100 अंशांनी वाढले तर एक मीटर लोखंड जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबते. निटिनॉलची ताणलेली तार तापवली तर उलटाच प्रकार घडतो. ती आखडते, आणि तेही मीटरमागे चार सेंटिमीटरपर्यंत!

असे का होते? शाळेच्या कवायतीत मुले हात धरून रांगांत उभी आहेत अशी कल्पना करा. थंड निटिनॉलमध्ये अणूंच्या रांगा काही डावीकडे, काही उजवीकडे कललेल्या असतात. तार ताणली की बहुतेक रांगा एकाच बाजूला कलतात, पण कोणी शेजाऱ्याचा हात सोडत नाही. उष्णता मिळताच सर्व रांगा पुन्हा ताठ उभ्या राहतात आणि तार पहिल्या आकाराला येते. साधी तार वाकवताना अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, शेजारी बदलतात. म्हणून तिला जुना आकार आठवत नाही.

या मिश्रधातूवर विल्यम ब्यूलर यांनी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत 1959 च्या सुमारास काम सुरू केले. ते क्षेपणास्त्राच्या टोकासाठी चिवट धातू शोधत होते. पुढे एका बैठकीत वाकवलेली पट्टी हातोहात फिरत असता कोणीतरी तिला लायटरची ज्योत दाखवली, आणि पट्टी आपोआप सरळ झाली!

सोजर्नरवर तारेतून वीजप्रवाह सोडला की ती तापे, आखडे आणि झाकण सरके. मात्र या तारेला मर्यादाही आहेत. अवकाशाच्या निर्वातात ती सावकाश निवते. निकेलचे प्रमाण शेकडा एक दशांश इतके बदलले तरी आकार परतण्याचे तापमान सुमारे दहा अंशांनी हलते. ते चुकीचे ठरले तर नुसत्या उन्हानेच झाकण भलत्या वेळी उघडायचे.

सोजर्नरच्या प्रयोगातून उत्तर मिळाले: धुळीमुळे दररोज शेकडा 0.28 इतका प्रकाश अडतो. आकडा किरकोळ वाटतो? हाच वेग टिकला तर शंभर दिवसांत जवळजवळ चौथा हिस्सा प्रकाश गेला. 2004 मध्ये उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी गाडीचे पॅनेल वाऱ्याने वेळोवेळी झाडले, म्हणून ती 2018 च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली. इनसाइट यानाला असा वारा पुरेसा लाभला नाही. त्याच्या पॅनेलवर धूळ साचत गेली आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याचे काम थांबले.

आता शेतातले पॅनेल पुसाल तेव्हा एक गणित करून पाहा. पुसण्यापूर्वीचा आणि पुसल्यानंतरचा वीजप्रवाह मोजा. सोजर्नरने मंगळावर जे मोजले, तेच तुम्ही इंदापुरात मोजलेले असेल.