खारं पाणी वळवलं, पण मीठ कुठं ठेवायचं?

खारे झरे नदीत मिसळत असतील तर चर खणून ते पाणी दुसरीकडं काढून द्यावं, त्यात अवघड काय? इस्रायलनं १९६०च्या दशकात तेच केलं. गालिली सरोवरालगतचं खारं पाणी कालव्यात घेतलं आणि सरोवराच्या खालच्या अंगाला जॉर्डन नदीत सोडलं. सरोवराचा खारटपणा कमी झाला. भोगलं खालच्या जॉर्डननं.

हाच पेच अमेरिकेतही आहे. तिथल्या कोलोरॅडो राज्यात पॅराडॉक्स खोऱ्याखाली मिठाचे प्रचंड थर आहेत. तिथलं भूजल समुद्राच्या सातपट खारं होऊन डोलोरेस नदीत पाझरतं.

‘नदीत मीठ विरून जातं’ हा पहिला गैरसमज. डोलोरेस पुढं कोलोरॅडो नदीला मिळते. धरणांतलं, शेतांतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. खाली मेक्सिकोपर्यंत तक्रारी गेल्या आणि १९७४ मध्ये अमेरिकेला क्षारनियंत्रणाचा कायदा करावा लागला.

‘मग आरओ लावा.’ इतक्या खारट पाण्याला लागणारा दाब आरओच्या पडद्यांना पेलवत नाही. उष्णता देऊन आटवता येतं, पण ऊर्जा बेसुमार लागते आणि मिठाचा ढीग उरतोच.

सर्वांत पटणारा गैरसमज म्हणजे खोल गाडलं की संपलं. पॅराडॉक्स खोऱ्यात नदीकाठच्या उथळ विहिरींतून खारं पाणी नदीत शिरण्याआधीच उपसायचं आणि चार किलोमीटरहून खोल विहिरीत दाबानं भरायचं, हे काम १९९६ पासून नियमित चाललं. वर्षाला सुमारे एक लाख टन मीठ नदीबाहेर राहिलं. योजना फसली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण खाली दाब वाढत गेला, खडकांतल्या भेगा सरकल्या आणि हजारो लहान धक्के बसले. ४ मार्च २०१९ला ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पंप थांबले. पाण्यानं जमीन हलू शकते, हे कोयना धरणाजवळचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

उन्हात आटवण्याचे तलाव फुकटचे वाटतात. त्यांना विस्तीर्ण जमीन लागते, या पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो, आणि तलाव पाहून उतरणाऱ्या पक्ष्यांना कोण अडवणार?

नवी विहीर, तलाव, उष्णतेचा कारखाना हे सारे पर्याय तपासून २०२० मध्ये सरकारनं एकही न उभारण्याचं ठरवलं. २०२२ मध्ये जुनीच विहीर कमी वेगानं पुन्हा सुरू झाली.